छुपा कॅमेरा घेण्याआधी: खासगी तपासाच्या कामात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत खासगी तपासाची कामं करतो. अडत दुकानातली मालाची चोरी, विमा दाव्यांची पडताळणी, नोकरीवर ठेवण्याआधी माणसाची चौकशी अशी ही कामं असतात. सांगली-मिरज, तासगाव आणि वर कराड-सातारा हा माझा टापू. या धंद्यात नव्याने येणारी पोरं आणि कधी कधी गाळेवाले व्यापारी छुप्या कॅमेऱ्याबद्दल तेच ते प्रश्न घेऊन येतात. फोनवर जी उत्तरं देतो, ती इथे लिहून ठेवली आहेत.

सगळ्यात लहान कॅमेरा कोणता?

हे विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, "त्यातून दाखवायचं काय आहे?" फूटेजवरून शेवटी दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात: माणूस हाच आणि वेळ हीच. कॅमेरा जेवढा बारीक, तेवढी बॅटरी बारीक, उजेड टिपणारा सेन्सर बारीक आणि आतली उष्णता बाहेर पडायला जागा कमी. नखाएवढा कॅमेरा मिळतो, पण तो तासाभरात मान टाकतो आणि चेहऱ्याच्या जागी नुसता डाग दाखवतो.

लपणं आकारापेक्षा जागेवर ठरतं. हळदीच्या पोत्यांच्या थप्पीत काडेपेटीएवढा कॅमेराही कुणाला दिसत नाही. मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर वाटाण्याएवढा ठेवलात तरी डोळ्यात भरतो. म्हणून आधी जागा बघून या, मग कॅमेरा ठरवा.

डब्यावर '४के' लिहिलंय. खरं असतं का?

स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत बहुतेकदा नसतं. आतला सेन्सर एक-दोन मेगापिक्सेलचा असतो आणि चित्र ताणून मोठं केलेलं असतं. फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही.

तपासायला घरातली दिनदर्शिका पुरते. ती भिंतीवर टांगा, तीन मीटरवरून तिचं चित्रण करा आणि संगणकाच्या पडद्यावर उघडा. तारखेचा आकडा कुठलाही कॅमेरा दाखवतो. त्याच्याखालची बारीक तिथी वाचता येते का ते बघा. मग सेटिंगमध्ये १०८०पी, म्हणजे ४के पेक्षा कमी पिक्सेलचं चित्र, लावून तीच चाचणी पुन्हा करा. दोन्हीत तिथी सारखीच पुसट दिसली, तर '४के'चे पैसे वाया गेले असं समजा.

दुसरी खूण म्हणजे फाइलचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रणासाठी किती माहिती साठवली जाते ते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तो दिसतो. १०८०पीला सेकंदाला आठ मेगाबिटच्या आसपास असेल तर काम होतं. दोन-तीनच असेल, तर माणूस हलला की चेहऱ्याचे चौकोन होतात, मग सेन्सर कितीही चांगला असो.

चेहरा किती अंतरावरून ओळखू येतो?

याचा हिशोब करता येतो आणि तो केल्याशिवाय कॅमेरा लावू नये. पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत दृश्याच्या दर मीटर रुंदीला किती पिक्सेल लागतात ते दिलं आहे. कुणीतरी आहे एवढं कळायला २५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०.

१०८०पी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. त्याला २५० ने भागलं की ७.६८ मीटर येतात. म्हणजे चौकटीत जास्तीत जास्त पावणेआठ मीटर रुंदीचं दृश्य मावलं तरच ओळख पटेल. आता लेन्सचा कोन बघा. ६० अंशांची लेन्स असेल तर हे अंतर साडेसहा मीटरच्या जरा पुढे जातं. ९० अंशांना पावणेचार मीटर उरतात. १२० अंशांना सव्वादोन.

दुकानदार जास्त कोनाची लेन्स जास्त चांगली म्हणून विकतो, कारण त्यात अख्खी खोली दिसते. पण खोलीची गरज कुणाला आहे? आपल्याला तराजूजवळचा हात आणि त्याच्यावरचा चेहरा पाहिजे. पहिल्या वर्षी मी १२० अंशांचा कॅमेरा एका गोडाऊनच्या टोकाला लावला होता. आठ मीटरवरून पोती उचलून नेणारा माणूस दिसत होता. मालकाला तो चालीवरून ओळखूही आला. पण ज्याने त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, त्याला त्या चित्रातून काहीच पटलं नसतं. नंतर तोच कॅमेरा दाराच्या चौकटीपाशी दीड मीटरवर लावला आणि काम झालं.

वरचे आकडे उजेड भरपूर असतानाचे आहेत.

आणि अंधारात?

इथे लहान कॅमेरे सगळ्यात जास्त फसवतात. सुईच्या छिद्रातून बघणाऱ्या लेन्समधून उजेडच कमी येतो. सेन्सरवरच्या एका पिक्सेलची बाजू २.९ मायक्रॉन असेल, तर त्याचं क्षेत्रफळ १.४ मायक्रॉनवाल्याच्या चौपटीहून जास्त भरतं, आणि तेवढा जास्त उजेड तो गोळा करतो. म्हणून विकणाऱ्याला मेगापिक्सेलआधी सेन्सरचं नाव विचारा. त्याला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. साधा चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटर जातो. सेकंदाच्या तिसाव्या भागात तो चार सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि चेहऱ्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एका डोळ्याच्या रुंदीपेक्षा जास्त. दिव्याखाली स्थिर बसलेला माणूस झकास येतो आणि चालणारा पुसला जातो तो यामुळेच. चाचणी घेताना कुणाला तरी चालायला लावा.

इन्फ्रारेड दिव्यांत ८५० नॅनोमीटरचे जवळून लालसर दिसतात, ९४० चे डोळ्यांना दिसत नाहीत. पण ९४० ला सेन्सर कमी प्रतिसाद देतो, त्यामुळे पल्ला घटतो. काचेआड ठेवलात तर काचेवरून उजेड परत फिरतो आणि चित्र पांढरं होतं. घड्याळात बसवलेल्या कॅमेऱ्यांची हीच रड आहे.

बॅटरी किती चालते?

डब्यावरचा आकडा विसरा. बॅटरीचे मिलिअँपिअर-तास भागिले कॅमेरा ओढतो ते मिलिअँपिअर, आणि उत्तरातला पाचवा हिस्सा कमी करा. २५० ची बॅटरी आणि २०० चा खर्च असेल तर कागदावर सव्वा तास येतो, हातात एक तास. कॅमेरा किती ओढतो ते चार्जरला लावायच्या छोट्या यूएसबी मीटरवर कळतं. हा मीटर थोड्या पैशांत मिळतो आणि तपासाच्या पिशवीत तो असलाच पाहिजे असं माझं मत आहे.

"पॉवर बँक लावतो की," असं म्हणाल. लावा, पण आधी रात्रभर लावून बघा. बऱ्याच पॉवर बँका जोडलेली वस्तू फार कमी करंट घेते असं दिसलं की स्वतःच बंद होतात. हालचाल झाली तरच चित्रण करणारा कॅमेरा निवांत असताना इतकं कमी ओढतो की पॉवर बँकेला तिथे काही जोडलंय असं वाटतच नाही. सकाळी तुम्ही जाता तेव्हा कार्ड कोरं असतं.

उष्णता हा वेगळा विषय. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पत्र्याच्या शेडखाली भट्टी पेटलेली असते. त्यात लिथियमची बॅटरी आणि बंद प्लॅस्टिकची डबी. कॅमेरा आधी गरम होऊन बंद पडतो. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत वापरू नका. आजूबाजूला बारदान आणि सुतळी असते, एखाद्या गरिबाचं गोडाऊन पेटायला वेळ लागणार नाही.

मेमरी कार्ड कसं निवडायचं?

नावाजलेल्या कंपनीचं, पक्क्या बिलाचं. खोट्या क्षमतेची कार्डं बाजारात सर्रास आहेत. वर १२८ लिहिलेलं असतं, आत आठ-सोळा जीबी असतात आणि त्यापुढचं सगळं गायब होतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून वाचून बघतो. वेळ लागतो, लागू द्या.

आठ मेगाबिटने तासाला ३.६ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात आठ-नऊ तासांचं चित्रण बसतं. त्यानंतर लूप चालू असेल तर जुनं पुसलं जातं. ज्या दिवशी चोरी झाली तोच दिवस पुसला गेला, असं नको असेल तर कार्ड वेळेत काढायला जावं लागतं.

कॅमेरा तीन किंवा पाच मिनिटांच्या तुकड्यांत फाइल बनवतो. दोन तुकड्यांच्या मधे काही कॅमेरे एक-दोन सेकंद खातात. फोनवर स्टॉपवॉच लावून कॅमेऱ्यासमोर तासभर ठेवा आणि सांधे तपासा. ज्याचे सांधे तुटतात तो कॅमेरा मी ठेवत नाही. समोरचा वकील त्या दोन सेकंदांतच बोट घालतो.

तारीख-वेळेला इतकं महत्त्व का देता?

कारण त्यावर मी एकदा हरलो आहे.

बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजमधून पेट्या कमी होत होत्या. मालक अण्णा म्हणाले, आतलाच माणूस आहे. त्यांच्या जागेत, त्यांच्या लेखी परवानगीने, माल ठेवायच्या दालनाच्या दाराकडे तोंड करून कॅमेरा लावला. चौथ्या दिवशी एक माणूस पेट्या बाजूच्या खोलीत सरकवताना स्वच्छ दिसला. चेहरा, हात, पेटीवरचा लॉट नंबर, सगळं. चित्रावर वेळ होती रात्री ११:४०. गेटच्या वहीत मात्र तो माणूस साडेनऊलाच बाहेर पडल्याची नोंद आणि खाली त्याची सही.

दोन दिवस आम्ही वही खोटी आहे असं धरून चाललो. रखवालदार मामांवर संशय घेतला, त्यांना बसवून विचारलं. मामा रडले. आणि मग माझ्या लक्षात आलं की कॅमेरा चीनच्या वेळेवर चालतो आहे. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. ११:४० म्हणजे आपले ९:१०. वही खरी होती, मामा खरे होते. माझ्या कॅमेऱ्याची वेळ खोटी होती, आणि ती मी तपासली नव्हती. पुढे अण्णांनी तक्रार न करता माणसाला कामावरून काढलं, कारण या वेळेवर प्रकरण उभं राहणार नाही असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. मामांची मी माफी मागितली.

तेव्हापासून कॅमेरा लावताना पहिल्या मिनिटात फोनचं घड्याळ, सेकंदासह, लेन्ससमोर धरतो. काढतानाही तेच. दोन्हींतला फरक वहीत लिहितो. साध्या कॅमेऱ्यांना वेळ लावायला कार्डात एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवावी लागते, तिची रीत पुस्तिकेत असते. बॅटरी पूर्ण उतरली की काहींची तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षावर जाते. विकत घेण्याआधी बॅटरी मुद्दाम उतरवून ही एक गोष्ट तपासाच.

वायफायचा घ्यावा का?

मी घेत नाही. बॅटरी लवकर संपते, आसपासच्या फोनमध्ये त्याचं नेटवर्क दिसतं, आणि चित्रण कुठल्या देशातल्या सर्व्हरवरून फिरून येतं हे तुमच्या हातात राहत नाही. घ्यायचाच असेल तर कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

पाऊस, धूळ, थंडी?

जुलैत महाबळेश्वरला किंवा साताऱ्यात बोगद्यापलीकडे ठोसेघरच्या रस्त्याला काम असेल तर पाण्यापेक्षा दमट हवेची भीती जास्त. लेन्सच्या आतून धुकं धरतं आणि पुसता येत नाही. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. कोल्ड स्टोअरेजमधून कॅमेरा उन्हात काढला की त्यावर लगेच पाणी जमतं, म्हणून आतच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर तासभर तसाच राहू द्या. मार्केट यार्डात हळदीची धूळ दोन दिवसांत लेन्सचं छिद्र पिवळं करते. तिथे रोज पुसायला माणूस लागतो, दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

पेन कॅमेरा चांगला की बटणाचा?

पेन खिशात वाकडा होतो आणि छत दाखवतो. बटणाचा बरा, पण काज आणि लेन्स मिलिमीटरभर जरी सरकली तरी चित्राची कड काळी होते. मोटरसायकलवर बसून घेतलेलं दोन्हीचं चित्रण थरथरतं.

कुठे लावता येतो आणि कुठे नाही?

स्वतःच्या किंवा काम देणाऱ्याच्या मालकीच्या जागेत, त्याच्या लेखी परवानगीने, जिथे माणूस एकांताची अपेक्षा ठेवत नाही तिथे. गोडाऊन, गल्ला, गेट, वजनकाटा. संडास, न्हाणीघर, कपडे बदलायची खोली, झोपायची खोली, लॉजची खोली इथे कुणीही कितीही पैसे देऊ द्या, कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे. बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं किंवा चित्रित करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केला तर तीन ते सात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई बाई-पुरुष भेद करत नाही. कुणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं संमतीशिवाय चित्रण केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईच्या इंटरनेटवर, ईमेलवर पाळत ठेवणं न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. त्यातली गुन्हा शोधण्यासाठीची सूट शासनाने ती जबाबदारी दिलेल्यांना आहे. खासगी तपास करणारा त्यात बसत नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तो चोराचाही आहे.

नवऱ्याने बायकोच्या खोलीत कॅमेरा लावायला सांगितलं तर?

नाही म्हणायचं. "घर माझंय की," हे उत्तर ठरलेलं असतं. घर त्याचं असेल, पण त्या खोलीत राहणारी बाई त्याच्या सातबाऱ्यावर चढलेली नाही.

१४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या खटल्यात पतीने पत्नीच्या नकळत रेकॉर्ड केलेलं फोनवरचं बोलणं पुराव्यात घ्यायला परवानगी दिली. तेव्हापासून लोक हा निकाल फोनमध्ये घेऊन येतात. तो त्या दोघांमधल्या स्वतःच्या संभाषणाबद्दल होता. तिसऱ्या माणसाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, कुणाच्या शयनगृहात कॅमेरा लावावा असं त्यात कुठेही नाही.

लग्नाआधीच्या चौकशीत कॅमेरा लागतो का?

नाही. शेजारी, नोकरीचं ठिकाण, गावचा सोसायटीचा चेअरमन यांच्याशी नीट बोललात तर आठवड्यात सगळं कळतं. पोरीच्या बापाला खरी माहिती हवी असते, क्लिप नको असते.

आवाज रेकॉर्ड करावा का?

तुम्ही स्वतः ज्या बोलण्यात आहात तेवढाच. दोन परक्या माणसांचं बोलणं पकडायला यंत्र ठेवून जाऊ नका. मी गोडाऊनच्या कॅमेऱ्याचा माइक बंदच ठेवतो. फोन टॅप करणं आणि कुणाचे सीडीआर, म्हणजे कुणाला कधी फोन केले त्याच्या नोंदी, काढून आणणं याच्या वाटेलाही जाऊ नका. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विक्रीच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

कोर्टात हे फूटेज चालतं का?

चालू शकतं, पण कॅमेरा घेतानाच त्याची तयारी करावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. अ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने. त्यात यंत्राची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक विचारलेला असतो आणि फाइलचं हॅश मूल्यही. जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात सांगितलं होतं. ते प्रकरण आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचं.

आता विचार करा, ज्या कॅमेऱ्यावर नाव नाही, नंबर नाही, त्याचा रकाना तुम्ही कसा भरणार? म्हणून अनुक्रमांक छापलेला कॅमेरा घ्यायचा आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्यायचा. लपवण्याच्या दृष्टीने उणा असला तरी असा कॅमेरा मी पसंत करतो.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एसएचए-२५६ या पद्धतीने ६४ अक्षरांचा एक ओळखक्रमांक मिळतो, आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी तो पूर्ण बदलतो. विंडोजमध्ये सर्टयूटिल ही आज्ञा आधीपासूनच असते, तिने तो काढता येतो. कार्ड कॅमेऱ्यातून काढल्याबरोबर लिहिण्याला आडकाठी करणाऱ्या अडॅप्टरमध्ये घाला, प्रत घ्या, दोन्हींचा हॅश काढा, कार्ड पाकिटात बंद करून वर तारीख, वेळ आणि दोन सह्या. मूळ कार्ड परत वापरायचं नाही. शेदोनशे रुपये वाचवायला पुरावा पुसणारी माणसं मी बघितली आहेत. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप आकुंचन पावते, तिचा हॅश वेगळा येतो. पार्टीला बघायला पाठवा, पुरावा म्हणून ती धरू नका.

कौटुंबिक न्यायालयात थोडी मोकळीक आहे. १९८४ च्या कायद्याचं कलम १४ न्यायाधीशांना वाद समजून घ्यायला उपयोगी पडेल ते बघण्याची मुभा देतं. तरीही कागद पूर्ण ठेवा.

या कामाला लायसन्स लागतं का?

खासगी गुप्तहेरांसाठी वेगळा कायदा आजवर झालेला नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, ते पुढे गेलं नाही. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सीचा कायदा रखवालदार पुरवणाऱ्यांसाठी आहे. लायसन्स नाही याचा अर्थ अधिकारही नाहीत. आपण साधे नागरिक आहोत आणि गुन्हा दिसला की पोलीस ठाण्यात जायचं.

एक कॅमेरा पुरतो का?

सारखेच दोन घ्या. एकावर सगळ्या चाचण्या करा, दुसरा कामाला ठेवा. परत करायची मुदत संपायच्या आत दिनदर्शिका, चालणारा माणूस, स्टॉपवॉच, उतरलेली बॅटरी आणि रात्रभराची पॉवर बँक एवढं उरकून घ्या.

आम्हीच राहतो त्या खोलीत कॅमेरा सापडला तर?

मिरजेला दवाखान्याच्या कामाने लॉजवर उतरलेल्या एका ताईंनी मला हे रात्री फोन करून विचारलं होतं. तेव्हा त्यांना सांगितलं ते असं: हात लावू नका, काढू नका, बंद करू नका, त्यावर ठसे आणि आत कार्ड असतं. त्याच्यासमोर टॉवेल धरा किंवा खोलीबाहेर या. जागेवर आहे तसा फोनने फोटो काढा, खोलीचा नंबर चित्रात येऊ द्या. मॅनेजरला सांगण्याआधी ११२ ला फोन करा, आणि पोलीस येईपर्यंत दारात कुणाला तरी उभं करा.